दुकानाच्या वरचं घर: साकाईतले नऊ दिवस

मुलगी जपानमध्ये कुठे राहते असं कुणी विचारलं की मी गावाचं नाव सांगत असे. घराबद्दल बोलत नसे, कारण घराबद्दल मला फारसं माहीतच नव्हतं. ती एका दुकानाच्या वर राहते हे मला दीड वर्षाने कळलं. तेही व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे लाकडी जिना दिसला आणि जिन्याच्या पायथ्याशी एक म्हातारा जमिनीवर बसलेला दिसला म्हणून.

"कोण तो?"

"मोरी-सान. घरमालक. खाली त्यांचं दुकान आहे."

"आणि तू?"

"मी वर."

"जिना दुकानातून?"

"हो आई. जुनी घरं तशीच असतात इथे."

मी भाडं विचारलं. मुग्धा सायकलीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. तिच्याबरोबरच्या मुली जेवढं भाडं देतात, त्याच्या निम्मं ती देत होती. निम्मं का असं विचारलं, तर तिने "देतात ते" म्हटलं आणि खिडकीबाहेरची फुलं दाखवायला लागली. फुलांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी भाड्याचाच विचार करत राहिले.

मार्चअखेर तिचा करार संपणार होता. नवा करार दोन वर्षांचा. मी सांगितलं, मी येऊन बघेपर्यंत सही करायची नाही. ती चटकन म्हणाली, "ये. बघ. नको म्हणालीस तर सोडेन." सव्वीस वर्षांच्या मुलीने असं म्हणायची गरज नव्हती. ती म्हणाली म्हणून माझा संशय वाढला.

संशयाला कारण होतं. मी अकरा वर्षं दुकानाच्या वर राहिले आहे. रेवदंड्याच्या बाजारपेठेत सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं, वर आमची माडी. मामंजी खाली गादीवर बसत. हातात कापड मोजायचा लोखंडी गज. त्या गजाने ते डोक्यावरची तक्तपोशी ठोकत. एक ठोका म्हणजे चहा. दोन म्हणजे कुणीतरी आलंय. तीन म्हणजे खाली ये. वरचं प्रत्येक पाऊल त्यांना खाली कळे. रात्री जेवताना ते सहज म्हणत, "आज दुपारी झोप लागली नाही वाटतं." मी कॉलेजात मराठी शिकवत होते, दोन वर्ग एकदम गप्प करू शकत होते, आणि घरात मात्र पायाच्या चवड्यांवर चालत होते.

मुग्धा पाच वर्षांची झाली तेव्हा आम्ही चौलला वाडीत घर बांधलं. एकमजली. माझी अट तेवढीच होती. मामंजी आले नाहीत. दुकान सोडून कुठे जाऊ, म्हणाले. पुढे सहा वर्षं एकटे राहिले. वर कुणी नसतानाही ते सकाळी गज ठोकतात, असं शेजारचे हसून सांगत. मीही हसले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी थळहून सोडे आणले. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, मुग्धाला आवडते. मासळीवाली ओळखीची आहे. कुणासाठी, तिने विचारलं. मी सांगितलं.

"दुकानाच्या वर ऱ्हाते? एकटी?" तिने पुडा बांधता बांधता वर पाहिलं. "मग बाई, घर नका बगू. खाली कोन हाय ते बगून या."

मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

जाणं

चौलहून मांडव्याला रिक्षाने तास लागतो. तिथून गाडीबोटीने भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी. विमान वाटेत एकदा बदलावं लागतं. व्हिसा एजंटामार्फत केला. कागद जास्त न्या, ते कमी मागतात. ताजी फळं आणि मांसाचं काही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. मी फॉर्मवर सुकी मासळी असं लिहिलं. अधिकाऱ्याने पुडा उघडला, वास घेतला, पुन्हा माझ्यापेक्षा नीट बांधून दिला. इतक्या नीट की काही काढून घेतलं नाही ना, हे मी पुढे जाऊन तपासलं.

साकाई हे ओसाकाला लागून असलेलं जुनं बंदर आहे. आमच्या चौलासारखं. एकेकाळी जहाजं येत, आता समुद्र भरावाच्या पलीकडे गेला आहे. विमानतळावरून आगगाडीने पाऊण तास, भाडं हजार येनच्या आसपास. गावात एक ट्राम आहे. कुठेही उतरा, भाडं एकच, उतरताना डब्यात टाकायचं. कुणी मोजत नाही. मोजत नाहीत म्हणजे कुठेतरी कॅमेरा असणार, असं मी मुग्धाला म्हटलं. ती हसली नाही.

घर छपराच्या बाजारात आहे. लांबलचक गल्ली, वर काचेचं छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांवर घरं. पोचलो तेव्हा दुपार होती. मोरी-सान जमिनीवर बसून काम करत होते. पंचाहत्तरीचे असावेत. दुकान कोंबूचं. कोंबू म्हणजे समुद्रातल्या वनस्पतीची वाळवलेली, हातभर लांब, काळी पानं. ती व्हिनेगरमध्ये मऊ करतात आणि पात्याने तासतात. पानाचं एक टोक पायाखाली, दुसरं डाव्या हातात, उजव्या हातात पातं. पात्याखालून पांढुरका, अत्तराच्या फायासारखा पापुद्रा निघतो. त्याचं सूप करतात.

ते उठले आणि कमरेत वाकले. मी हातातल्या पिशवीसकट नमस्कार केला. मुग्धा कानाशी म्हणाली, "आई, सोड्यांतले थोडे दे ना त्यांना. इथे देतात काहीतरी."

"ते तुझ्यासाठी आहेत," मी म्हटलं, आणि जिना चढले. बारा पायऱ्या. व्हिनेगरचा वास शेवटच्या पायरीपर्यंत येतो.

वर दोन खोल्या, ओट्याएवढं स्वयंपाकघर, प्लास्टिकच्या डब्यासारखी न्हाणी आणि कपाटाएवढा संडास. सगळं लाकडी. मी चालले तसं सगळं वाजलं. खाली पात्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तो आवाज का थांबला, हे मला कुणी सांगायला नको होतं.

दोन ठोके

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खालून ठोके आले. दोन.

मी उठून बसले. पदर सावरला. कुणीतरी आलंय, आता चहा टाकायला हवा, असं वाटलं. मग आठवलं मी कुठे आहे. शेजारी मुग्धाने झोपेतच हात बाहेर काढला आणि मुठीने जमिनीच्या फळीवर दोनदा मारलं. खाली शटर वर गेलं.

"काय हवंय त्याला?"

"काही नाही."

"मग ठोकतो कशाला?"

"मी ठीक आहे का बघतात."

"तू ठीक आहेस का ते त्याने कशाला बघायचं?"

"आई, सहा वाजलेत. झोप."

ती कामावर गेल्यावर मी बाजारात फिरले. जपानची शहरं बघायला जाणाऱ्यांना माझा एक सल्ला आहे. देवळं सगळे बघतात. तुम्ही दुकानाच्या पाटीच्या वर बघा. दंतवैद्याच्या पाटीवर गादी वाळत घातलेली असते. न्हाव्याच्या वर कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची बाही लोंबते. तीन मजली कचेरी असते, खाली विम्याचं ऑफिस, मध्ये हिशेबनीस, आणि सगळ्यात वर कढीपत्त्याएवढं झाड ठेवलेली गॅलरी. दारावर टपालाच्या दोन पेट्या. एकीवर धंद्याचं नाव, दुसरीवर माणसाचं. आपल्याकडे अलिबागला आता खाली गाळे आणि वर फ्लॅट असतातच, पण वरच्यांचा खालच्यांशी संबंध नसतो. बिल्डर एक आणि रस्ता वेगळा. इथे जुन्या घरांत रस्ता एकच असतो.

त्यामुळे एक विचित्र गोष्ट झालेली दिसते. बाजारातली बरीच शटरं खाली आहेत. दुकानं चालत नाहीत. पण ती कुणी भाड्यानेही देत नाही, कारण वर मालक राहतो आणि त्याला घरात जायला दुकानातूनच जावं लागतं. बंद शटरच्या वर दिवा असतो. आत कोण आहे, किती दिवसांत खाली आलेलं नाही, हे गल्लीतून कळत नाही. शांतता फार. आमच्याकडे बाजारात शांतता झाली की कुणीतरी गेलेलं असतं.

गल्लीच्या टोकाला, छप्पर संपतं त्याच्या थोडं पुढे, एका नेपाळ्याचं जेवणघर आहे. पाटीवर मात्र 'इंडियन'. दुपारची थाळी नऊशे येन, नान हातभर, डाळ गोड. मालकाचं नाव भीम. हिंदीत बोलणारं कुणी भेटलं म्हणून मी बसले.

"मुग्धाजी की मम्मी? अरे बैठिए, बैठिए. चाय मेरी तरफ से."

"ऊपर ही रहते हो तुम भी?"

"ऊपर ही. चार जन. नीचे प्याज कटता है, ऊपर रोना आता है." तो स्वतःच हसला.

मी मोरी-सानबद्दल विचारलं.

"बुढ़ऊ? आदमी ठीक है. मगर पता सब रहता है उसको. एक दिन मुग्धाजी लेट हो गईं, तो इधर आके पूछ गया, खाना खाने आई क्या. पानी में भीगता हुआ आया था."

त्याने ते कौतुकाने सांगितलं. मी चहा अर्धा ठेवून उठले.

शनिवार-रविवारी मुग्धाने मला हिंडवलं. साकाईत एका प्राचीन राजाच्या थडग्याची टेकडी आहे, किल्लीच्या भोकाच्या आकाराची, फार मोठी. जमिनीवरून फक्त खंदक आणि झाडं दिसतात. आकार आकाशातूनच दिसतो म्हणे. मी मान्य केलं, खात्री केलेली नाही. जुन्या बंदरावर लाकडी दीपगृह आहे. बेकरीत पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज इथेही आले आणि चौललाही. दोन्हीकडे त्यांचा एवढा एक शब्द उरला. सुऱ्यांची दुकानं बघण्यासारखी आहेत, घेतलीत तर सामानाच्या बॅगेत ठेवा.

ट्राममध्ये मी मुग्धाला म्हटलं, "कंपनीचं वसतिगृह आहे ना? त्याला वॉचमन आहे."

"आहे."

"मग?"

"तिथे वॉचमन आहे," ती म्हणाली. "माझं नाव त्याला माहीत नाही."

"नावच माहीत नको."

"बुधवारी कागदावर सही करायची आहे, आई. मंगळवारपर्यंत सांग."

सोमवार

सोमवारी मुग्धा कामावर गेली आणि मी संडास धुवायला घेतला.

घर स्वच्छ होतं, पण संडास नुसता पुसलेला होता. चार दिवस मी तो सहन केला. आपल्याकडे संडास धुतला म्हणजे बादलीने पाणी ओतलं, पावडर टाकली, खराट्याने घासलं, पुन्हा ओतलं. त्याशिवाय धुतला असं मी म्हणत नाही. न्हाणीतून बादली भरून आणली. जमिनीवर ओतली. घासली. दुसरी ओतली. पाणी गेलं, म्हणजे भोक कुठेतरी असणार. ते शोधायला मी वाकले नाही. वाकले असते तर दिसलं असतं की त्या खोलीला भोकच नाही. जपानमध्ये संडासाची जमीन कोरडी असते. पाणी कडेच्या फटीतून जात होतं, आणि फटीखाली दुकान होतं.

खालून ठोके आले. तीन.

तीन म्हणजे खाली ये. मी बादली खाली ठेवली आणि उभी राहिले. वीस वर्षं कुणी मला तीन ठोके देऊन बोलावलं नव्हतं. मी गेले नाही. हललेसुद्धा नाही. पायाचा आवाज त्याला मिळू द्यायचा नाही, असं ठरवलं. पुन्हा तीन ठोके आले, घाईचे. मी तशीच उभी. मग जिना वाजला. बाराही पायऱ्या, एकेक. दीड वर्षात तो वर कधी आला नाही, असं मुग्धाने मला सांगितलं होतं. आता ती घरात नाही आणि हा वर आला.

मी दाराला आतून कडी घातली. तो बाहेर काहीतरी म्हणाला. एकच शब्द, तीनदा, दर वेळी मोठ्याने. मग दारावर थाप. मी दाराच्या फटीतून पाहिलं. अंगात कामाचा ॲप्रन, हात रिकामे, ओले. चेहरा मला दिसला नाही. तो बराच वेळ उभा होता. घड्याळ पाहिलं नाही, पण माझा एक पाय बधिर झाला. शेवटी मी खोकले. खोकला आला म्हणून खोकले, उत्तर म्हणून नाही. त्याबरोबर तो एक दीर्घ श्वास सोडून खाली गेला.

मुग्धा साडेसहाला आली. जिन्याखाली तिचा आवाज ऐकू आला, मग आवाज थांबला. मी पायऱ्यांवरून वाकून पाहिलं. माझी मुलगी दुकानाच्या जमिनीवर गुडघे टेकून, कपाळ खाली लावून बसली होती.

मग तिने मला खाली बोलावलं. तक्तपोशीवर मोठा ओला डाग होता. त्याच्या खालच्या मांडणीत जुना कोंबू ठेवलेला असतो, दोन वर्षं मुरवलेला. वरची ओली पानं वर्तमानपत्रांवर पसरली होती, चळती अजून मांडणीतच होत्या. एकदा पाणी लागलं की कोंबू विकता येत नाही. मोरी-सान मुग्धाशी काही बोलले आणि माझ्याकडे बघून वाकले.

"काय म्हणतो?"

मुग्धा डागाकडे बघत म्हणाली, "विचारतायत, तुझे गुडघे ठीक आहेत का. आधी पाणी पडल्याचा आवाज आला, मग तुझ्या पावलांचा आवाजच बंद झाला. त्यांना वाटलं, तू घसरून पडलीस. ठोकलं, तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून वर आले."

"दारात काय म्हणत होता?"

"ठीक आहात ना, एवढंच."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मालाचं नुकसान झालं की माणूस आधी मालाकडे धावतो, चांगलं बोलायचं ते मागाहून सुचतं. मी सासऱ्यांच्या दुकानात अकरा वर्षं हेच पाहिलं होतं. मी मांडणीजवळ गेले. कोंबूच्या चळती होत्या, पाच. कडेच्या तीन वरवर ओल्या होत्या. डागाच्या बरोबर खालच्या दोन तळापर्यंत भिजून फुगल्या होत्या. कोंबू असा फुगायला वेळ लागतो, पाणी त्यावर बराच वेळ ठिबकावं लागतं. हातभर बाजूला सरकवायला मात्र क्षण पुरतो. त्याने त्या सरकवल्या नव्हत्या. त्या ठिबकत्या पाण्याखाली तशाच सोडून तो वर आला होता, आणि माझा पाय बधिर होईपर्यंत दाराबाहेर उभा होता.

मी दुसरं कारण शोधलं. सापडलं नाही.

निम्मं भाडं

त्या संध्याकाळी मुग्धाने दिवा लावला नाही. ओट्याला टेकून बसून राहिली.

"आता ते नाही म्हणतील. म्हणायचा त्यांना हक्क आहे," ती म्हणाली. "तुला हवं होतं तसंच झालं."

तसंच झालं होतं. मग मी विचारलं, "भाडं निम्मं का आहे?"

या वेळी तिने सांगितलं. समोरच्या ओळीत घड्याळ दुरुस्तीचं बंद दुकान आहे. वर एक म्हातारी एकटी राहायची. शटर कायमचं खालीच असे, म्हणून ती गेली तेव्हा कुणाला कळलं नाही. पाच दिवसांनी कळलं. मोरी-सानची बायको त्याच्या आधीच वारली होती. मुलगा टोकियोला. त्यांनी वरची जागा निम्म्या भाड्याने देऊ केली, एका अटीवर. सकाळी सहाला ते ठोकणार, वरच्याने उत्तर द्यायचं.

"आणि सहाला त्याने ठोकलंच नाही तर?"

"मी खाली जायचं."

"मेला का बघायला."

"हो."

"हे तू मला दीड वर्ष सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच आली असतीस."

आले असते. अजूनही ती अट मला साधी वाटत नाही. त्या माणसाने निम्म्या भाड्यात माझी मुलगी स्वतःच्या मरणावर नेमून ठेवली आहे. ती पंचवीस वर्षांची असताना तिने हे कबूल केलं, आणि रोज झोपेत मूठ आपटते. मी तिला तसं म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "पण आई, मला ताप आला होता ना मागच्या वर्षी. मी उत्तर दिलं नाही. सहा वाजून दोन मिनिटांनी ते जिन्यात होते."

"म्हणजे वर आला होता. तू म्हणालीस, कधी आला नाही."

"दारापर्यंत आले. आत नाही."

मी मंगळवारी काहीच सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. मोरी-सान नाही म्हणणार, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. तिने फोनवर वसतिगृहाचा अर्ज उघडून ठेवला होता. वॉचमनचा फोटो होता त्यावर. मला तो आवडला नाही.

बुधवार

बुधवारी संध्याकाळी मोरी-साननी जिन्याच्या पायथ्याशी बसायला तीन उशा मांडल्या. समोर कागद, शाईची डबी, शिक्का. तक्तपोशीवरचा डाग वाळून नकाशासारखा झाला होता. त्याखालची मांडणी त्यांनी दुसऱ्या भिंतीशी हलवली होती. ते मला बरं वाटलं. मीही तेच केलं असतं.

ते बोलले. मुग्धा ऐकत होती, मग माझ्याकडे वळली. "ते सही करायला तयार आहेत. पण एक रकाना भरायचा राहिलाय म्हणतात. काही झालं तर कुणाला कळवायचं, तो. आत्तापर्यंत मी कंपनीचा नंबर दिला होता."

"मग?"

"ते म्हणतात, कंपनी नऊला उघडते. ठोके सहाला असतात. मधले तीन तास कुणाला कळवायचं? तुमचा नंबर हवा."

मुग्धा माझ्याकडे बघत होती. तिला राहायचं होतं, हे मी पहिल्या दिवसापासून बघत होते, फक्त मान्य करत नव्हते. ती वाकून बसली होती, हात मांडीवर, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय बोलते याची वाट बघत.

मी पेन घेतलं. चौलच्या घरचा नंबर लिहिला, मग माझा मोबाइल. आकडे परत वाचले. खाली मराठीत नाव लिहिलं. मोरी-साननी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि जपून शिक्का मारला.

"आणि त्यांचं?" मी विचारलं. "त्यांनी ठोकलं नाही तर ही कुणाला फोन करणार?"

मुग्धाने विचारलं. ते उठले, गल्ल्याशेजारून एक चिठ्ठी आणून तिला दिली. मुलाचा नंबर होता. दीड वर्षात कुणी मागितला नव्हता.

मी वर गेले आणि सोड्यांचा पुडा आणला. त्यांनी तो उघडून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग एक सोडा तोंडात टाकून तसाच चावला, आणि काहीतरी म्हणाले.

"काय?"

"समुद्र वेगळा आहे, म्हणतात."

निघायच्या दिवशी त्यांनी मला पाकीट दिलं. भिजलेला कोंबू त्यांनी परत वाळवून तासला होता. विकायचा नाही, खायचा. त्या सकाळी मी सहाच्या आधी जागी होते. मुग्धा न्हाणीत होती. सहा वाजले. ठोके आले नाहीत. एक मिनिट, दोन मिनिटं. मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेले. चौथ्या मिनिटाला ठोके आले. मी पायाची टाच दोनदा आपटली, होती तेवढी ताकद लावून. शटर वर गेलं.

परत

घरी येऊन तीन आठवडे झाले. कोंबूचं सूप केलं. नवऱ्याने अर्धी वाटी घेतली आणि चांगलं आहे म्हणाला, म्हणजे आवडलं नाही. मोबाइल आता रात्री उशाशी ठेवते, आवाज बंद न करता. जपानमध्ये सहा म्हणजे इथे पहाटेचे अडीच. अजून वाजलेला नाही. त्या माणसाबद्दल मला सगळं पटलं आहे असं नाही. त्याला सोबत हवी होती आणि त्याने ती स्वस्तात मिळवली. पण कोंबूच्या त्या दोन फुगलेल्या चळती मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांचं मला काही करता येत नाही.

गेल्या रविवारी रेवदंड्याला गेलो. पावसाळ्याआधी माडीची कौलं बघायची होती. दुकान आता निलेशला भाड्याने दिलेलं आहे, त्याचं औषधांचं दुकान आहे. माडी बंदच असते. नवरा वर गेला, मी खाली काउंटरपाशी थांबले. त्याची पावलं डोक्यावरून गेली. आधी खिडकीशी, मग स्वयंपाकघरात, मग मधेच थांबली. मला तो कुठे उभा आहे ते बोटाने दाखवता आलं असतं.

"सगळं कळतं रे इथे," मी म्हटलं.

"तर काय काकी," निलेश म्हणाला, "वर उंदीर फिरला तरी गिऱ्हाईक वर बघतं. कान बंद करून बसलं तरी कळतं."

अकरा वर्षं मी वर चवड्यांवर चालले. खाली बसून कधी पाहिलं नव्हतं. मामंजींनी गज घेऊन पाळत ठेवली असेलही. ते चहा मागत, हे खरंच आहे. पण शेवटची सहा वर्षं वर कुणी नव्हतं. चहा कोण देणार होतं? तरी ते रोज सकाळी ठोकत होते.

वरची पावलं थांबली होती ती थांबलीच. मिनिट गेलं असेल. कोपऱ्यात शटर ओढायची लोखंडी आकडी उभी होती. मी ती उचलली आणि तक्तपोशीवर दोनदा ठोकलं.

वर धावपळ झाली. जिना वाजला. नवरा केसांवरून हात फिरवत, शर्टाचं बटण लावत खाली आला आणि दारात उभा राहून बाहेर बघायला लागला.

"कोण आलंय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही आहात ना, ते बघत होते."